वाकड्या शेपटीचा बाण

दिवा जरा माझ्या बाजूला सरकवा. हे सांगताना आपले हात आपल्याला दिसलेले बरे.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं, साखळ्या बदलणं यात आठवडा जातो. रविवार मात्र आमच्या सायकल मंडळाचा. गाड्यांच्या रस्त्यापासून लांब, शेताशेतांतून, कालव्याच्या काठानं आम्ही लोकांना फिरवून आणतो. चढ नाही, हॉर्न नाही, घाई तर नाहीच. बदकं वाटेत बसली असली तर आपणच उतरून बाजूनं जायचं. ऊन मऊ असतं तिथलं, आणि पहाटे किंवा दुपारनंतर कालव्यावरून धुकं उठलं की सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसतं.

त्या वाटांवरच्या खांबांवर पिवळे बाण असतात. ते रंगवायचे मास्तरांनी आणि वाट बदलली की जुने पुसायचे मी, अशी आमची वाटणी होती. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. चष्मा जाड, हात हलका. त्यांच्या बाणाची शेपटी जराशी वाकडी यायची. चित्रकलेच्या मास्तरांना सरळ रेघ येत नाही म्हणून मी त्यांना पिडायचो. तिथे वारा असतो, शेपूट हलणारच, असं ते म्हणायचे.

नियमही त्यांचेच. खांबावर बाण नसेल तर आपण चुकलो, मुकाट्यानं मागे फिरायचं. पुढच्यानं दोनदा घंटी वाजवली म्हणजे रस्ता मोकळा आहे, या. मागच्यानं एकदा वाजवायची, म्हणजे आलो. आणि उत्तर आलं की तो पोचेपर्यंत पुढच्यानं जागचं हलायचं नाही.

गेल्या वर्षी कालव्यावरचा लाकडी पूल मोडला, म्हणून आम्ही वाट बदलली. पुलाच्या बरंच अलीकडे, वळणावरच उजवीकडे नेली. मास्तरांनी नवे बाण काढले. जुन्या वाटेवर पुढे बंद गिरणीपाशी एक खांब आहे, त्याच्यावरचा बाण पुसणं माझ्याकडे होतं. मी निघालो, पण टर्पेंटाइनची बाटली दुकानातच राहिली होती. उद्या पुसू म्हटलं. संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, तेव्हा लाजेपायी सांगून टाकलं की पुसला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते एकटे नवी वाट तपासायला गेले. धुक्यात त्यांचं वळण चुकलं. गिरणीपाशी खांब कोरा असता तर ते मागे फिरले असते. पण तिथे त्यांचाच बाण होता. मी पुसला म्हटल्यावर जो राहिला तो बरोबरच असणार, असं त्यांनी धरलं आणि सरळ मोडक्या पुलावर गेले, ते परत आलेच नाहीत.

खापर त्यांच्या चष्म्यावर फुटलं. मी त्याच दुपारी जाऊन बाण घासून काढला आणि वर्षभर तोंड शिवून बसलो. मास्तरीणबाई दिसल्या की मी रस्ता बदलायचो.

तेव्हापासून बंद ठेवलेली ती नवी वाट यंदा वर्षभरानं पुन्हा उघडायची ठरली. एकवीस सायकली, आणि सगळ्यांच्या पुढे माझी मुलगी. पहिल्यांदाच. तिला घंटीपासून सगळं मास्तरांनीच शिकवलेलं. आदल्या दिवशी दुपारी मी वाट बघून यायला निघालो. बाटली आणि तारेचा ब्रश आठवणीनं घेतला.

चारच्या सुमाराला धुकं उठलं. कुंपणं विरघळली, मेंढ्यांचे नुसते आवाज राहिले. मला भीती नव्हती, उलट फार गोड वाटत होतं. तेवढ्यात पुढून घंटी वाजली. दोनदा.

माझ्या अंगठ्यानं सवयीनं उत्तर दिलं.

वळण कधी मागे पडलं ते कळलंच नाही. ताज्या रंगाचा वास आला आणि गिरणीचा खांब समोर दिसला. खांबावर पिवळा, ओला, वाकड्या शेपटीचा बाण होता. शेजारी मास्तर, एक पाय जमिनीवर टेकून, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत उभे होते.

"पुसायचं ते सगळं पुसलंस ना रे?" त्यांनी विचारलं.

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता, आणि मी म्हणालो, "हो, मास्तर..."

त्यांनी चष्मा लावला, बाण नीट पाहिला. "मग बरोबर आहे," म्हणाले, आणि निवांत पायडल मारत पुलाकडे गेले. फळी करकरली. पुढे काहीच ऐकू आलं नाही. पाण्याचासुद्धा आवाज नाही.

मी खांब घासला. बोटं पिवळी होईपर्यंत घासला.

घरी मुलगी पिशवीत पंप आणि पंक्चरचे पॅच भरत होती. वर न बघता तिनं विचारलं, "बाबा, जुने बाण सगळे पुसलेत ना?"

तोच "हो" ओठांवर आला. मग मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मला रडू आवरलं नाही. ती कितीतरी वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"मास्तरीणबाईंना सांगा," ती म्हणाली. "आणि उद्या सगळ्यात मागे तुम्ही राहा."

सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. सगळं ऐकून त्या उंबऱ्यावरच टेकल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "निघताना चष्मा दोनदा पुसायचे हो ते," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. लोक हसत होते, कुणाची तरी बाटली सारखी पडत होती, आणि वर्षाचं ओझं उतरल्यानं माझंही अंग हलकं झालं होतं. वळणाजवळ आलो, आणि अवेळीच कालव्यावरून धुकं उठलं. मुलगी न चुकता उजवीकडे वळली. तिच्यामागे एकेक करत सगळे वळले. शेवटी मी.

तेव्हा डावीकडून, गिरणीच्या बाजूनं, घंटी वाजली. दोनदा.

मी माझी घंटी मुठीत गच्च आवळून धरली. श्वासही घेतला नाही. आणि पार पुढून, धुक्यातून, स्वच्छ, एकदा घंटी वाजली.

मी सगळ्यांना ओलांडून तिच्यापाशी पोचलो. ती मजेत चालवत होती. "तुम्हीच वाजवलीत ना, बाबा?" ती म्हणाली. "मी आले म्हटलं."

सगळे सुखरूप परतले. पुढच्या आठवड्यात मी तिच्या सायकलची घंटी काढून ठेवली. तिला हसू आलं, तिनं नवी बसवून घेतली. दर रविवारी ती जाते, आणि ती परतेपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर बसून राहतो. बोटं अजून पिवळीच आहेत, बघा, टर्पेंटाइननं जात नाहीत. पण त्याचं काही नाही. उत्तर मिळालं की मागचा पोचेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा नियम मास्तरांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता.