जिराफाची मान

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिचे जिराफ छातीच्या उंचीवरून जमिनीवर टाकत होता. एक पुडा, दुसरा, तिसरा... धप्, धप्, धप्. ती वजनकाटा मागायला आली होती, ती तपासणीच्या खोलीच्या दारातच थबकली. तीन आठवडे खपून तिने ते जिराफ काढले होते, आणि हा बाबा ते खुशाल आपटत होता.

“काय चाललंय हे?”

“काम,” तो म्हणाला. एक पुडा फोडून त्याने दहा बिस्किटं ट्रेमध्ये ओळीने मांडली. एकाही जिराफाला मान उरली नव्हती. “पुडा कुठे ना कुठे पडतोच. दुकानात, पिशवीत, स्वयंपाकघरात... म्हणून आधी माझ्या हातून पडतो.”

बिस्किटांच्या त्या कारखान्यात सगळे त्याला आपटबार म्हणत, अगदी मोठे साहेबसुद्धा. ती तिथली पहिलीच डिझायनर. आजवर तिथे एकच गोल बिस्किट निघायचं आणि दुसऱ्या आकारांवाचून साहेबांचं काही अडलं नव्हतं. खाऊशी खेळताही आलं पाहिजे, हे तिने त्यांच्या गळी उतरवलं, तेव्हा कुठे तीन महिन्यांची मुदत मिळाली. जिराफ, बदक आणि हत्ती. शेवटच्या शुक्रवारी शंभरातली पंच्याण्णव बिस्किटं धड राहिली तर नोकरी पक्की. नाही तर गोल बिस्किट होतंच, आणि तिला घरचा रस्ता मोकळा होता.

बदक आणि हत्ती कसेबसे तग धरत. जिराफ मात्र हट्टाला पेटला होता. मान जाड केली की तो गाढवासारखा दिसे, बारीक केली की भट्टीतच मोडे. रोज चार वाजता ती नवा घाणा घेऊन यायची, तो टाकायचा, आणि मग कोमट व्हॅनिलाच्या वासात दोघं चहाबरोबर तुकडे संपवायची. तो बोलायचा कमी. तिची पाठ वळली की मात्र बघत राहायचा. समोरच्या काचेच्या कपाटात तिला सगळं दिसायचं, आणि ती मुद्दाम हळूहळू वळायची.

एकदा तिने लाडीगोडी लावून पाहिली. “थोडं खालून टाका ना... चारच बोटं. कुणाला कळणार आहे?”

“मला,” तो म्हणाला. “तुमचे जिराफ इथे टिकतील आणि लोकांच्या घरी मोडतील. लोक नावं ठेवतील ती तुम्हाला. ते मला... नाही सहन होणार.”

शेवटचं वाक्य ऐकायला ती थांबलीच नाही. तणतणत गेली आणि दोन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी नाइलाजाने आली, तर टेबलावर एक अजब जत्रा भरली होती. बदकाच्या अंगावर जिराफाचं डोकं, हत्तीच्या अंगावर बदकाचं, सगळं जॅमने चिकटवलेलं.

तो ओशाळला. तुकडे फेकवेनात, ती नव्हती, मग बसलो जोडत, असं काहीतरी पुटपुटला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

“मान भाजायचीच कशाला?”

“म्हणजे?”

“डोकी वेगळी, धडं वेगळी. जॅम लावून जोडायचं काम खाणाऱ्याचं. ज्याला जो प्राणी हवा, तो त्याने करावा.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. या वेळी तिची पाठ वळायची वाटही त्याने पाहिली नाही.

शुक्रवारी साहेब खुर्ची टाकून बसले. पॅकिंगच्या बायका दाराशी जमल्या. आपटबारने पहिला पुडा उचलला, हात छातीपर्यंत नेला, तर तो हळूहळू चार बोटं खाली आला. मग त्याने पुडा टेबलावर ठेवून दिला.

“साहेब, मी ही तपासणी करू शकत नाही. आज माझा हात भरवशाचा नाही.”

नेमकं आजच? साहेबांनी कारण विचारलं, तर हा टेबलावरचा ट्रे सरळ करत बसला. शेवटी साहेबांनी नियमाप्रमाणे फॉर्म पुढे सरकवला आणि कारण लेखी मागितलं. त्याने लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग उठून बाह्या सरसावल्या आणि दहाही पुडे स्वतःच्या हाताने टाकले, तेही डोक्याएवढ्या उंचीवरून.

मोजणी झाली. शंभरात अठ्ठ्याण्णव धड निघाली. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्यांनी खोली दणाणून सोडली. साहेबांनी हत्तीला बदकाचं डोकं बसवलं, बराच वेळ न्याहाळलं आणि कुणालाही खाऊ दिलं नाही. नोकरी पक्की झाल्याचं त्यांनी तिला सांगितलं, तो फॉर्म तिच्या हातात दिला आणि फाइलला लावायला सांगून ते हत्तीसकट निघून गेले.

खोली रिकामी झाली. तिने फॉर्म वाचला. नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘तपासणाऱ्याचं डिझायनरवर प्रेम आहे. सबब निकाल निःपक्षपाती राहणार नाही.’

तो खाली वाकून रिकामे पुडे गोळा करत होता. कान लालबुंद झाले होते.

“मी सांगितलं तेव्हा तर हात खाली घेतला नाहीत,” ती हळूच म्हणाली.

“हो. आज तुम्ही काही बोलला नाहीत... आणि तो आपोआप खाली यायला लागला.”

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. फॉर्मच्या तळाशी शेऱ्याचा रकाना कोरा होता. तिथे तिने लिहिलं, ‘डिझायनरचंही तपासणाऱ्यावर आहे,’ आणि खाली पूर्ण सही केली.