काचेवरचं बोलावणं

मोर्शीच्या रेणुका टॉकीजमध्ये पुन्हा सिनेमा लागणार म्हटल्यावर बायकांनी घरची कामं अशी काही उरकली, की नवऱ्यांना जेवण गिळायलाही फुरसत मिळाली नाही. टॉकीज बंद पडून कैक वर्षं लोटली होती. महिला मंडळाच्या प्राजक्तानं मालकाच्या हातापाया पडून किल्ली मिळवली, कॉलेजातला प्रोजेक्टर मागून आणला आणि रविवारी दुपारी बायकांचा खेळ सुरू केला. पत्र्याखाली उकडायचं, वटवाघळांचा वास यायचा, पण फुटाणे खात सगळ्या खूश. त्यांत सर्वांच्या पुढं प्राजक्ताची आई, सुभद्राबाई. वडील गेल्यापासून घरात या दोघीच होत्या.

पहिल्याच रविवारी, सिनेमा रंगात आलेला असताना, पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटली. काजळी धरलेल्या काचेवर सुईनं ओरखडावीत तशी, पांढरी आणि वाकडी.

‘जमुनाबाई, बाहेर या. घरचे थांबले आहेत.’

पूर्वी टॉकीजमध्ये ही रीतच होती. कुणाकडे पाहुणा आला, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की दारावर निरोप यायचा आणि नाव ओरखडलेली काच यंत्रात घालून पडद्यावर दाखवायचे. नाव दिसलं की माणूस काही न विचारता उठायचा. जमुनाबाईही उठल्या. “शेवट सांगजा वो मले,” असं शेजारणीला म्हणून, पदर सावरत बाहेर गेल्या.

सिनेमा सुटला तेव्हा त्या पायऱ्यांवर बसलेल्या होत्या. हात लावला तर गार.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या घरून मात्र कुणीच बोलवायला गेलं नव्हतं. प्राजक्तानं तोच सिनेमा घरी लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. अक्षरं नव्हती. टॉकीजच्या वरच्या खोलीत काच लावायचं यंत्र म्हणावं, तर ते कधीच भंगारात गेलेलं. कुणीतरी चावटपणा केला असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढचा खेळ नको, असं तिनं सुचवलं तर मंडळच अंगावर आलं.

“इतकं सुखाचं मरण कोणाले भेटते?” सीमाताई म्हणाल्या. “अन् तिच्यापायी सिनेमा काहून बंद?”

सुभद्राबाईंनी तर पुढच्या रविवारी सकाळीच ठेवणीतलं पातळ काढून ठेवलं होतं. त्यांना अडवणं प्राजक्ताच्या हातात नव्हतं. मग ती त्यांना खेटूनच बसली, हात हातात धरून. तिचं सिनेमात लक्ष नव्हतं. ती नुसती पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होती.

मध्यंतरानंतर अक्षरं आली.

‘सुभद्राबाई, बाहेर या. घरचे थांबले आहेत.’

आई लगेच उठायला लागली. प्राजक्तानं तिला खाली ओढलं.

“जाऊ दे मले,” आई म्हणाली. “उभे असतीन बिचारे कवाचे.”

“घरची मीच आहो, आई. बस.”

अक्षरं हलेनात. बायका वळून वळून बघायला लागल्या. आई पुन्हा उठू लागली. प्राजक्तानं तिचा हात सीमाताईंच्या हातात दिला.

“सोडू नका. मी पाहून येतो.”

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. रस्ता रिकामा. पायरीवर एक कुत्रं झोपलेलं. कुणी नव्हतं, आणि तरीही समोर माणसं उभी आहेत हे तिला कळत होतं, अंधाऱ्या खोलीत कुणी असलं की कळतं तसं. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

पण दारी आलेल्याला ‘जा’ म्हणायची आमच्याकडं जिभेला सवय नाही.

“आई आता येत नाही,” ती म्हणाली. “काम असन तं घरीच या.”

कुत्रं उठलं आणि न भुंकता निघून गेलं.

ती आत आली. अक्षरं गेली होती. आई जागेवर होती, हात उबदार होता. प्राजक्ताच्या जिवात जीव आला आणि मग मात्र ती खरंच रडली.

खेळ सुटला. तिनं स्कूटी काढली, सुरू केली.

“बस ना, आई.”

आई बाजूला उभीच होती.

“समोर सरक जराशीक,” आई म्हणाली. “पहिले त्यायले बसू दे.”

प्राजक्ताच्या पाठीमागं सीट हळूच दबली.

मग आणखी एकदा.