जोडी जमत नाही

मी पायांचा डॉक्टर. टेक्सासमधल्या एल पासोत अठरा वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि बूट शिवणाऱ्यांइतकी शहाणपणा शिकवणारी मंडळी मी दुसरी पाहिली नाहीत. माझ्या एका मधुमेहाच्या पेशंटच्या टाचेला जखम होती. त्याला मी मऊ, रुंद बूट लिहून दिले, तर तो आर्रिएता म्हाताऱ्याकडून टोकदार बूट शिवून घेऊन आला. म्हणून गुरुवारी दुपारी मी म्हाताऱ्याला झापायला स्वतः गेलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. चामड्याचा, सरसाचा आणि करपलेल्या कॉफीचा वास. एका भिंतीवर छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे, जोडीजोडीने बांधलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. मेलेल्यांचेसुद्धा. फेकायची अक्कल नाही.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. त्याची मुलगी ओफेलिया मशीनवरूनच म्हणाली, "बाबा, डॉक्टर केसादा आलेत. शिकवायला."

"बूट काढा," म्हातारा म्हणाला.

"मला बूट शिवायचे नाहीत."

"मग पाय न दाखवताच पायांवर बोलणार?"

ओफेलिया फिसकन हसली. रागातच मी बूट काढले. म्हटलं, याची गावठी मोजणी एकदा बघूनच घेऊ.

त्याने उजव्या पायाभोवती कागदाची पट्टी फिरवून खूण केली. मग डावा मोजला. पुन्हा डावाच. तिसऱ्यांदाही. मग अंगठ्याने तळवा चाचपत बराच वेळ बसला.

"जोडी जमत नाही."

"कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

"सारखे नाहीत असं कुठं म्हटलं? हा तुमचा नाही."

मी मोठ्यांदा हसलो. तो शिडीवर चढला, सगळ्यांत वरच्या फळीवरून एकटाच असलेला एक साचा काढला, बाहीने पुसून माझ्या डाव्या पायाशेजारी ठेवला.

साच्याची करंगळी आत वळलेली. माझी नवव्या वर्षी दारात सापडून मोडली होती. अंगठ्याखालचं हाड बाहेर. टाच किंचित तिरकी. मी खिशातल्या टेपने मोजलं. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

साच्यावर नाव पुसट होतं. साल स्पष्ट होतं. १९५८. माझा जन्म एकाहत्तरचा.

"कुणाचा हा?"

"येतो तो अधूनमधून," ओफेलिया म्हणाली. आता ती हसत नव्हती. "कुबडी घेऊन. डावा सापडला का, विचारतो."

"अडाणी आहात," एवढंच बोलून मी निघालो.

क्लिनिकमध्ये आल्या आल्या मी एक्स-रे काढणाऱ्या मारिसेलाला माझ्या दोन्ही पायांचे एक्स-रे काढायला सांगितले. एका म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचं होतं.

तिने डाव्याचा दोनदा काढला.

"डॉक्टर, मशीन बिघडलंय बहुतेक. उजवा ठीक आहे. पण डावा बघा. ऐंशीच्या पुढच्या माणसाचं हाड आहे हे."

मी पाहिलं. विरळ, पोकळ. असली हाडं मी रोज बघतो.

"दुखतोय का?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

 ती नुसती खाली बघत राहिली, म्हणून मीही बघितलं.

मी एक्स-रेच्या पडद्याकडे तोंड करून अनवाणी उभा होतो. उजवा पाय पडद्याकडे होता. डाव्याची बोटं दाराकडे वळली होती.