मेण चुकलं नव्हतं

स्कीच्या जोडीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्याच्या.

"मी आधी धरली," मी म्हणाले.

"मी सकाळपासून बघतोय तिला. इथे मांडली पण मीच." तो हसला, पण टोक काही सोडलं नाही. "कुणासाठी हवीय?"

"माझ्यासाठी."

"मग नको घेऊस."

नोव्हेंबर होता आणि बाहेर पाऊस नुसता पिरपिरत होता. वोल्सदालच्या शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कींचा बाजार भरला होता. ओली लोकर, कॉफी, मेण, सगळ्यांचा मिळून एक उबदार वास येत होता. मी ऑगस्टमध्ये डेन्मार्कहून इथल्या दवाखान्यात दात साफ करायच्या नोकरीवर आले होते. आमच्याकडचा सगळ्यात उंच डोंगर चढताना गायीलासुद्धा धाप लागत नाही. इथे मात्र खुर्चीवर आ वासून बसलेला प्रत्येक माणूस चूळ भरली की एकच सांगायचा, "थांब, बर्फ पडू दे, मग कळेल तुला नॉर्वे!" शेवटी मी जानेवारीतल्या शिकाऊंच्या वर्गात नाव घातलं. आता आधी स्की हव्या होत्या.

"का नको घेऊ?"

"तुला जड जाईल. वजन किती तुझं?"

मी डोळे मोठे केले. "आमच्याकडे पहिल्या भेटीत नाव विचारतात."

त्याचे कान लाल झाले. अगदी टोकापर्यंत. "एस्किल."

"सिग्ने. आणि वजन मी सांगणार नाही."

"नको सांगूस. कागद सांगेल."

त्यानं दुसरी जोडी जमिनीवर ठेवली, मला तिच्यावर उभं केलं, आणि स्वतः उकिडवा बसून माझ्या पावलाखाली एक कागद सरकवला. दोन्ही पायांवर उभं असताना कागद सुळकन सरकायला हवा, आणि सगळा भार एका पायावर टाकला की घट्ट अडकायला हवा. स्कीची कमान अशी हवी, की चालताना पकडेल आणि घसरताना सोडून देईल.

"श्वास घे," तो खालून म्हणाला. "रोखून धरलास तर कागद खोटं बोलेल."

"मी कुठे रोखलाय?"

रोखला होता... त्याच्या केसांवर पावसाचे थेंब होते आणि ते मला फारच जवळून दिसत होते.

तिसऱ्या जोडीला कागद अडकला. त्यानं ओढून पाहिलं, मग वर माझ्याकडे बघितलं. "ही तुझी."

एस्किल सुतार होता आणि बुधवारी संध्याकाळी स्की मंडळाच्या तळघरातली मेणखोली सांभाळायचा. नव्या माणसानं आपल्या स्की स्वतः तयार करायच्या, असा तिथला दंडक होता. म्हणून मी दर बुधवारी जाऊ लागले. स्की तयार करायला एक बुधवार पुरतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यानं सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

टोकांना घसरायचं मेण इस्त्रीनं वितळवून लावायचं, गार झालं की खरवडून काढायचं. पावलाखालच्या भागात मात्र पकडीचं मेण, तेही हवा बघून. कडक थंडीला निळं, शून्याच्या आसपास लाल. पहिल्याच दिवशी मी खरवडणी हातात घेतली आणि तो बघतच राहिला.

"हे कुठे शिकलीस?"

"दिवसभर हेच करते. फक्त माझ्या स्की लाळ गाळतात."

तो इतका हसला, की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मग मुद्दाम दात दाखवत म्हणाला, "माझं काही खरवडायला झालंय का बघ."

"कॉफी कमी पी," मी त्याची हनुवटी दिव्याकडे वळवत म्हटलं. धंद्याची सवय म्हणून! हात मात्र जरा जास्तच वेळ तिथे राहिला. तोही हलला नाही.

घरी माझी तयारी जोरात चालली होती. दात घासताना एका पायावर उभी राहायचे, वरचे दात उजव्या पायावर, खालचे डाव्यावर. पावसात काठ्या घेऊन जंगलातली चढण चढायचे. सुती बनियनं बाजूला ठेवून लोकरीची घेतली, कारण घामानं भिजलेलं सूत इथे हाडं गोठवतं. त्या सगळ्यात डोक्यात एस्किल असायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. आकाशाकडे बघून तो मेणाचा रंग सांगायचा. असा माणूस बर्फावर कसा दिसत असेल?

डिसेंबरात बर्फ पडला. रातोरात गाव पांढरं झालं आणि टेकडीवर यंत्रानं दोन-दोन रेघांची चाकोरी आखली. वोल्सदालमध्ये एक रीत आहे. तिथे कुणी कुणाला जेवायला बोलावलं तरी त्याचा काही अर्थ नसतो. पण रविवारी बरोबर स्कीवर गेलात, तर सोमवारी अख्खं गाव तुमच्या लग्नाला काय घालायचं ते ठरवतं.

मला हे माहीत होतं. म्हणूनच विचारलं.

"रविवारी येशील? मला काही येत नाही, तू पुढे जा, मी पडत पडत मागून येते."

"या रविवारी... पाठ धरलीय जरा."

पुढच्या रविवारी आईच्या कॅफेत गर्दी होती. टेकडीवर, चाकोरीच्या कडेलाच, त्याची आई वाफल विकायची. त्याच्या पुढच्या रविवारी तो म्हणाला, "आज मेण चुकलं. मागेच घसरतायत स्की."

यावर कुणी काही बोलू शकत नाही. इथे कुणी धापा टाकत मागे पडला, तर त्याचा दम कमी पडत नाही, मेण चुकतं. शर्यत हरली? मेण. सासूबरोबर निघून अर्ध्यातून परत आले? मेण. आणि समोरचा मान हलवून म्हणतो, "हवाच तशी होती."

मीही मान हलवली, पण मनाला लागलं. सरळ सांगायचं ना, नको म्हणून! बुधवारी तर माझ्यासाठी कॉफी राखून ठेवायचा, माझे गार हातमोजे इस्त्रीच्या उबेला धरायचा. मग रविवारी काय व्हायचं? माझ्याबरोबर दिसायची लाज वाटत होती का? मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे मला एव्हाना पुरतं कळलं होतं. त्याचं मात्र काही केल्या कळेना.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या बुधवारी मी लवकर गेले. तो वर लाकडं आणायला गेला होता. भिंतीवर त्याची स्की टांगलेली होती, कडेला त्याचं नाव कोरलेली. मी सहज तळावरून बोट फिरवलं... आणि थांबले.

दाताकडे बघून मी सांगू शकते, माणूस कुठल्या बाजूनं चावतो. वापर दिसतोच. इथे चकाकी होती, मेणाचे थरावर थर होते, पण ओरखडा एकही नव्हता. गावातल्या पोरांच्या स्कीसुद्धा दगडांनी खरचटलेल्या असतात. या स्कीवरून कुणी कधी चाललंच नव्हतं.

तो लाकडं घेऊन दारात उभा होता. कान लाल.

"एस्किल," मी हळूच विचारलं, "तुला स्की येते?"

लाकडं खाली ठेवायला त्यानं बराच वेळ घेतला.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे... चांगली येत नाही?"

"येतच नाही. रविवारी सगळे चाकोरीत, आणि मी आईबरोबर वाफलच्या तव्यासमोर. शाळेच्या स्कीच्या दिवशी मी आजोबांच्या ट्रॅक्टरवरून सगळ्यांचा कोको वर न्यायचो. मग मोठा झालो... आता कुणाला सांगू?"

"कुणी विचारलं नाही कधी?"

"इथे येते का, असं कुणी विचारत नाही, सिग्ने. कुठलं मेण लावलंस, एवढंच विचारतात. म्हणून मी मेण शिकलो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू पहिली विचारणारी."

मला हसू येत होतं आणि त्याला मिठीही मारावीशी वाटत होती. "आणि मी समजत होते, तुला मी आवडत नाही!"

"आवडत नाहीस? गाढवा, दोन महिने मी तुला एकाच स्कीवर रखडवतोय!" मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "गाढवा मला म्हणालो."

"वर्गात एक जागा आहे," मी म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. "तो वर्ग ओडवेगबाई घेतात. टेकडीवर, आईच्या खिडकीसमोर. सगळं गाव तिथून जातं. या वयात, इथला असून..."

"येऊ नकोस मग," मी म्हणाले. खोटंच. "पण मी रविवारी तिथे असणार. माझी स्की कुणी मला हवा बघून तयार करून दिली, तर बरं होईल."

रविवारी हवा शून्याला टेकली होती. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. सकाळी माझ्या घराच्या दारात माझी स्की मिळाली होती, पावलाखाली लाल मेण लावलेली. तो मात्र नव्हता. वर्गात आम्ही चार जण, त्यात मी एकटीच उभी राहू शकत होते, तीही काठ्यांच्या जोरावर. ओडवेगबाईंनी पहिली आज्ञा केली, "काठ्या टाका!" आणि मीही पडले.

बर्फात पालथी पडलेली असतानाच मला त्याचे बूट दिसले. वर बघितलं. खांद्यावर ती चकचकीत स्की होती, हातात काठ्या.

ओडवेगबाईंनी चष्मा पुसला. सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं अर्ध्या गावाला स्कीवर चालायला शिकवलेलं. "एस्किल! तू कसा इथे? मेण चुकलं वाटतं?"

चाकोरीतले दोघे-तिघे थांबले. वरच्या खिडकीत त्याची आई वाफलचा चिमटा हातात धरून उभी होती. मी श्वास रोखला.

"मेण बरोबर आहे, बाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मलाच येत नाही. शिकायला आलोय."

ओडवेगबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मग उभा काय राहिलास? काठ्या टाक!"

त्यानं स्की पायांत अडकवली आणि काठ्या टाकल्या. एक पाऊल पुढे टाकलं, दुसरं मागे गेलं, हात फडफडले, आणि तो धप्पकन माझ्या शेजारी येऊन आदळला. बर्फ त्याच्या भुवयांवर, माझ्या कॉलरमध्ये, सगळीकडे. वरून त्याच्या आईचं हसू ऐकू आलं.

"सिग्ने," तो तसाच आडवा पडून म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर येशील?"

"आज रविवारच आहे."

"माहितीये." त्याचे कान लाल झाले होते, पण या वेळी त्यानं नजर वळवली नाही. "म्हणूनच विचारतोय. सगळ्यांसमोर."

मी त्याचा हातमोजा घट्ट धरला. उठताना आम्ही पुन्हा पडलो.