तोंडी परीक्षेतला जोडीदार

होस्टेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा त्या देशात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. तिथली भाषा म्हणाल तर नमस्कार, आभार आणि ‘मी नर्स आहे’ एवढीच येत होती. मी दिसतील ती बटणं दाबली, दार बडवलं आणि जीव खाऊन ओरडले, की मी नर्स आहे. कुणी हूं की चूं केलं नाही. मग मात्र तोंडातून निघूनच गेलं, ‘‘आई गं... मेले आता.’’

‘‘मरू नका, जरा थांबा,’’ वरून आवाज आला. चक्क मराठीत.

मला वाटलं, कान वाजताहेत. पण आवाज बोलतच राहिला. तो वरच्या मजल्यावर हीच लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि खाली ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावायची राहून गेली होती. या दोरांना हत्ती टांगला तरी तुटायचे नाहीत, असा धीरही त्याने दिला.

‘‘मला हत्ती धरून चाललात ते ठीक आहे,’’ मी म्हटलं, ‘‘दार उघडलं की गैरसमज दूर होईल.’’

वर कुणीतरी खळखळून हसलं. आणि मी, अडकलेली असूनही, केस नीट केले.

दार उघडलं. समोर कोपरापर्यंत ग्रीस माखलेला एक उंच, सडपातळ मुलगा. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि त्याची बोलतीच बंद झाली. मी आभार मानले, तर तो माझ्या चपलांकडे बघून मान हलवत राहिला.

संध्याकाळी भाषेच्या वर्गात गेले, तर स्वारी शेवटच्या बाकावर. दिवसा लिफ्ट कंपनीत उमेदवारी, संध्याकाळी हा कोर्स – तोही दुसऱ्यांदा. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी, पण तोंडी परीक्षेत समोर माणूस दिसला की जीभ टाळ्याला चिकटायची. माझं नेमकं उलट. मी पहिल्या महिन्यापासून दुकानदारांशी धडाधड बोलायचे, आणि पाव मागायच्या ऐवजी ‘मी पाव आहे’ असं सांगून यायचे. पास झालो नाही तर माझी हॉस्पिटलची नोकरी जाणार होती, त्याची कंपनीतली उमेदवारीही. दोघांनाही घरचा रस्ता.

तोंडी परीक्षा जोडीने द्यायची असते. आमच्या बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. एकाकडे जीभ आहे, दुसऱ्याकडे व्याकरण, दोघांचं मिळून एक माणूस होईल, असं म्हणाल्या.

होस्टेलच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती. तिथल्या बाकावर आम्ही पाठीला पाठ लावून सराव करायचो, कारण माझा चेहरा दिसला नाही की तो छान बोलायचा. माझ्या चुका सुधारायचा, माझी फिरकी घ्यायचा. तो हसला की त्याचे खांदे हलायचे आणि ते हसू थेट माझ्या पाठीत उतरायचं. मला हल्ली अभ्यासाची फारच गोडी लागली आहे, असं आई फोनवर म्हणाली. मी विषय बदलला.

पास झाल्यावर मला जिथे रुजू व्हायचं होतं, ते हॉस्पिटल दुसऱ्या गावात होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी न राहवून विचारलं, ‘‘परीक्षेनंतर काय?’’

‘‘तुम्ही हॉस्पिटलला जाल.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी... लिफ्ट बघेन.’’

मी ओले कपडे तसेच बादलीत कोंबले आणि वर निघून आले. दगडाला पाझर फुटेल, पण हा...

दुसऱ्या दिवशी समोर दोन परीक्षक बाई होत्या. विषय सोपा – दोघांनी मिळून सुट्टीचा बेत ठरवा. मी घडाघडा सुरू केलं, तळ्यावर जाऊ, गाडीने जाऊ. तो गप्प. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तरी गप्प.

मग त्याने खुर्ची वळवली. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि त्या परक्या भाषेत, एकही चूक न करता म्हणाला, ‘‘सुट्टी एका दिवसात संपते. मला तुझ्याबरोबर त्यापुढचे दिवस ठरवायचे आहेत. तुझ्या हॉस्पिटलच्या गावात आमच्या कंपनीची शाखा आहे. मी आज सकाळी बदली मागून आलो. पण तुला चालणार असेल तरच येईन.’’

परीक्षेत चुकूनही ‘तू’ म्हणायचं नाही, असं वर्गातल्या बाईंनी बजावून ठेवलं होतं. त्याने ते सरळ धाब्यावर बसवलं होतं.

माझी मात्र वाचाच बसली. सहा महिने घोकलेला एकही शब्द आठवेना. एका बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, उत्तर यायला हवं म्हणाल्या. दुसरीने पेन केव्हाच खाली ठेवलं होतं.

‘‘कधीची वाट बघतेय मी,’’ मी पुटपुटले. मराठीत.

हे काय बोलल्या त्या, असं परीक्षक बाईंनी त्यालाच विचारलं. आम्ही दोघंही पास झालो, मी अगदी काठावर, हे पुढच्या आठवड्यात कळलं. त्या क्षणी मात्र परीक्षा कुणाला आठवत होती?

तो कानापर्यंत लाल झाला. पण नजर माझ्यावरून काढली नाही.

‘‘ती म्हणते, की ती कधीपासून वाट बघते आहे.’’

‘‘कशाची?’’ बाईंनी विचारलं.

‘‘माझी,’’ तो म्हणाला.