मुकं बिल्ड

गेम तपासण्याची नोकरी म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. दिवसभर खेळायचं आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय हवं! ती मात्र खेळत कधीच नसे. प्रत्येक भिंतीला धडका मारायच्या, जिथे जाऊ नये तिथे जायचं, जे दाबू नये ते दाबायचं आणि गेम कुठे फाटतो ते शोधायचं, हे तिचं काम. मुळातच चिडकी असलेली ती या कामाने आणखी चिडकी झाली होती.

त्या दुपारी जेवणं उरकल्यावर तिने खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. नव्या गेमचं पहिलंवहिलं कच्चं बिल्ड, म्हणजे तपासणीसाठीची अर्धवट आवृत्ती, आलं होतं आणि त्याची अट होती, खोलीत अंधार हवा.

"भरदुपारी खिडक्या कसल्या लावतेस? कोण मेलंय?" आतल्या खोलीतून अण्णा गरजले.

अण्णा म्हणजे तिचे वडील. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. खुबा मोडून अंथरुणाला खिळल्यापासून उठता येईना, पाय चालेना, पण आवाज! तो जसाच्या तसा, भरल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. हाक मारून ते लेकीला उठवत, हाक मारून बसवत, हाक मारून भांडत. शेजारची माणसंसुद्धा कधीकधी चुकून "आलो, आलो" म्हणायची. आणि ती? ती मनातल्या मनात रोज म्हणायची, हा माणूस एक दिवस तरी गप्प बसू दे.

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. तपासणाऱ्यांच्या टोळीवर नेमलेला हा साहेब. नाव काहीही असो, सगळे त्याला मुकादमच म्हणत, अर्थात पाठीमागे.

"फक्त सुरुवात बघायची," तो म्हणाला. "गेम चालू होतो की नाही, एवढंच. आणि आवाज नाही अशी तक्रार करू नकोस. आवाज अजून भरलेच नाहीत. बिल्ड मुकं आहे."

"समजलं."

"आणि काही सापडलं तर नियम माहीत आहे ना? एकदाच दिसलेली चूक म्हणजे बग नव्हे. पुन्हा घडवून दाखव. नाहीतर माझं डोकं खाऊ नकोस."

तिने हेडफोन चढवले, माइक ओठांपाशी ओढला आणि गेम चालू केला. स्क्रीन काळी झाली. त्या काळोखावर अक्षरं उमटली: *आम्ही ऐकत आहोत. थोडा वेळ शांत बसा.* खाली एक पांढरी पट्टी हळूहळू भरू लागली. खोलीचा कानोसा घेत असेल, तिला वाटलं. हल्ली पुष्कळ गेम घेतात.

"पाणी! कुणी आहे का घरात?" आतून अण्णा ओरडले.

"ओरडू नका, अण्णा. मी काम करतेय!" ती खेकसली.

पट्टी झर्रकन भरली.

समोर एक करडा बोळ आला. भिंतींना रंग नाही, जमिनीला फरशी नाही, सगळं अर्धवट. बोळाच्या टोकाला मात्र एक दार होतं आणि ते इतकं पूर्ण होतं की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. कडी नव्हती, मूठ नव्हती. सवयीने तिने त्या दारावर धडक मारली.

"पाणी! कुणी आहे का घरात?"

हेडफोनमध्ये. दारामागून. अण्णांचा आवाज.

तिने हेडफोन काढले. घर चिडीचूप होतं. म्हणजे माइकने पकडून परत ऐकवलं, दुसरं काय! मुकं म्हणे! मुकादमाची चांगली जिरवायची या खुशीत ती तांब्या भरून आत गेली. अण्णा तांब्याकडे बोट दाखवत होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"ते... ते दे की," ते चिडून म्हणाले. "काय म्हणतात त्याला... दे म्हटलं ना!"

वय झालं, दुसरं काय. तिने पेल्यात पाणी ओतून त्यांच्या तोंडाला लावलं. आता हाच बग पुन्हा घडवायचा, तर सगळं तसंच हवं. तोच अंधार, तीच खोली आणि तीच आरडाओरड.

"इकडे लक्ष द्या," ती म्हणाली. "हात वर केला की जोरात ओरडायचं. मनाला येईल ते."

अण्णांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "जन्मभर तोंड बंद ठेवा म्हणालीस. आज ओरडा म्हणतेस?"

"आज गरज आहे."

तुम्हांला खरं वाटणार नाही, पण म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांत कुणाला त्यांची गरज पडली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. तिने मधलं दार सताड उघडं ठेवलं, हेडफोन चढवून गेम पहिल्यापासून चालू केला आणि हात वर केला.

*आम्ही ऐकत आहोत.*

"चला, पुढे सरका, पुढे सरका! दारात कोण लोंबतंय? बाजार! बाजारवाले उतरा! शाळा! दवाखाना! नदीचा पूल!" अण्णा सुटले. काय तो आवाज! तिला लहानपणचा त्यांचा खाकी सदरा आठवला, त्या सदऱ्याला येणारा घामाचा आणि डिझेलचा वास आठवला. तिला हसू आलं. या माणसाचा आपल्याला इतका राग का येतो, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पट्टी या वेळी भरतच नव्हती. अण्णा थांबे संपवून प्रवाशांवर घसरले, मग लेकीवर. "कार्टे, ऐकतेस ना? बापाला कामाला लावलंस ना शेवटी?" आवाज घोगरा झाला, बारीक झाला, तरी ते थांबेनात. ती हात खाली करून थांबायला खुणावत राहिली. मग आवाज मधूनच तुटला आणि पट्टी भरली.

तोच बोळ. तेच दार. तिने धडक मारली.

"बाजार! शाळा! दवाखाना! नदीचा पूल!" दारामागून आवाज आला, घोगरा नव्हे, ठणठणीत. थांबे ओळीने संपले. मग तो आवाज जे बोलला, ते अण्णा मघाशी बोलले नव्हते.

"शेवटचा थांबा... सगळे उतरले. दार का उघडत नाही?"

तिने मान वळवली. आतल्या खोलीत अण्णा उशीला टेकून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. दार... का... उघडत... नाही. आवाज मात्र सगळा कानातल्या हेडफोनमध्ये होता. ती हेडफोन काढून धावत गेली आणि त्यांच्या ओठांना कान लावून बसली. ऊन ऊन श्वास लागला. बाकी काही नाही.

फोन वाजला.

"काय, झाली का सुरुवात?" मुकादम.

"दारामागे... माझ्या वडिलांचा आवाज..."

"कसलं दार? बोळ संपतो तिथे नुसती भिंत आहे. दार कुणी बनवलंच नाही. बरं, ते राहू दे. नवीन बिल्ड पाठवलंय. जुनं आपोआप पुसलं जाईल."

ती किंचाळली, "पुसू..." पुढचा शब्द घशातून निघालाच नाही.

"पुसू काय? बोल ना!"

फोन फेकून तिने नेटची वायर भिंतीतून उपटली. पुसणं थांबलं. बोळ होता तसाच राहिला, दारही राहिलं. तिने हेडफोन पुन्हा चढवले.

"कार्टे..." दारामागचा आवाज आता दबका झाला होता. "कार्टे, इथे अंधार आहे गं... कुणीतरी बसलंय इथे. माझ्या शेजारी. बोलत नाही... तू आहेस का?"

कॉटवर अण्णांचे ओठ तेच बोलत होते आणि डोळे तिच्यावर खिळले होते. तिला फक्त एक हाक मारायची होती. मी इथे आहे, अण्णा. एवढंच. तिने माइक ओठांशी धरला, सगळा जीव गोळा केला आणि तोंड उघडलं. जीभ हलली. आवाज आला नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघाशी त्यांच्यावर खेकसल्यापासून आपल्या तोंडून एकदाही 'अण्णा' निघालेलं नाही, 'नका'ही नाही.

"कुणी आहे का घरात?" दारामागे अण्णा रडकुंडीला आले होते. "कुणी आहे का?"

आणि त्यांच्या अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, तिचाच आवाज आला. स्पष्ट, वैतागलेला.

"ओरडू नका, अण्णा. मी काम करतेय."

दारामागे सगळं शांत झालं. तिने कॉटकडे पाहिलं. अण्णांनी, सांगितल्यासारखे, ओठ मिटून घेतले होते.