तांब्याची सवत

"जरा बाजूला सरता का? उजेड अडतोय."

शारजातल्या अल मजाजच्या खाडीकाठी संध्याकाळचं फिरायला आलेली मैथिली फोनवर घरी वहिनीशी मराठीत बोलत होती, म्हणून हे मराठीत आलं. पण आलं अगदी कोरडं. बाकावरच्या माणसानं डोळ्याला भिंग लावलं होतं आणि तळहातावर एक तपकिरी चकती होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मैथिली सरली, पण गेली नाही. एवढं काय आहे त्यात, असं तिनं विचारलं.

"बाई आहे," तो म्हणाला. "दोनशे तीस वर्षांची."

त्याचं नाव दत्तप्रसाद. मूळचा कुडाळचा. अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंगचे जोड तपासायचा आणि शनिवारी बस पकडून शारजाला यायचा, कारण नाणी जमवणारी चार मंडळी इथं भेटत. त्याला वेड एकाच गोष्टीचं होतं– अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातले तांब्याचे सेंट. त्या काळी साचे हातानं कोरायचे, त्यामुळे दर साच्यातल्या बाईचे केस थोडे वेगळे, असं तो सांगू लागला की थांबत नसे. मैथिलीला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढच्या शनिवारी ती पुन्हा फिरायला आली, त्याच्या पुढच्या शनिवारी चांगला ड्रेस घालून आली, आणि दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या तिच्या ऑफिसात आठवडा हळूहळू सरू लागला.

सगळं छान चाललं होतं. मग हिबा आली.

हिबा लखनौची, शारजातल्या एका शाळेत शिकवायची आणि तांब्याच्या नाण्यांवर त्याच्याइतकाच जीव टाकायची. ती बाकावर बसली, भिंग मागितलं नाही, नाणं नुसतं तिरपं धरलं आणि म्हणाली, "सतरा सौ चौरानवे का है. बाल देखो, आख़िरी लट कैसी मुड़ी है." दत्तप्रसादचा चेहरा खुलला. हिबाला जे दिसतं ते कुणालाच दिसत नाही, असं तो मैथिलीला कौतुकानं म्हणाला... वर तिनं मान डोलवावी अशी अपेक्षा! मैथिलीनं डोलवलीही. आतून अंगाचा तिळपापड होत होता. आधी त्या तांब्याच्या बाईचा राग यायचा, आता सोबतीला ही हाडामांसाची.

मग त्याला तीन आठवडे रुवैसला साइटवर जायचं निघालं. कॅम्पच्या खोलीत सहा जण, तिथं नाणं कुठं ठेवणार? जायच्या आधी त्यानं ते मऊ कापडात गुंडाळून मैथिलीच्या हातात दिलं. बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

"जपशील?" आजवर तो तिला तुम्ही म्हणत होता.

"जपेन," ती म्हणाली, आणि तिला खाडीभर दिवे लागल्यासारखं वाटलं.

"आल्यावर हिबाला पुन्हा नीट दाखवायचंय," तो म्हणाला. दिवे विझले.

तो परतायच्या शनिवारी सकाळी वहिनी देवघरातली पळी-पंचपात्री चिंच-मीठ लावून घासत होती. तांबं काळवंडलं म्हणजे हात आळशी, असं मानणारं ते घर. मैथिली उभी राहून बघत राहिली. हिबानं नुसतं बघितलं, आपण उजळून देऊ, मग कळेल त्याला कुणाला काय दिसतं– असं तिच्या मनानं घेतलं. उरलेली चिंच तिनं मागून घेतली. पाच मिनिटांत नाणं कोवळ्या गुलाबी रंगात लखलखू लागलं.

संध्याकाळी तिनं बाकावर कापड उलगडलं. दत्तप्रसादनं डोळ्याला लावायला काढलेलं भिंग पुन्हा खिशात टाकलं. हिबानं तोंडावर हात ठेवला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकाच दुःखानं, आणि त्या क्षणीसुद्धा मैथिली जळली. आपलं काय चुकलं हे तिला अजून कळलंही नव्हतं.

"तांबे का वो भूरा रंग ही उसकी उम्र है," हिबा हळूच म्हणाली. "घिस दिया तो ख़लास." ती उठून निघून गेली.

दत्तप्रसाद कठड्याला टेकून उभा होता. "सात वर्षं शोधत होतो हिला," तो म्हणाला. "का केलंस?"

तुला आवडेल म्हणून, असं म्हणता आलं असतं. मैथिली रडत होती, पण खोटं बोलली नाही.

"मला हिबाचा हेवा वाटतो. आणि हिचाही. तू हिच्याकडे बघतोस तसं माझ्याकडे... एकदाही बघितलं नाहीस."

तो कठड्यापासून वळला आणि तिच्यासमोर आला. मग नाणं पुन्हा कापडात गुंडाळून त्यानं तिच्याच ओंजळीत ठेवलं.

"मला नको हे," ती दचकली. "मी पुन्हा काहीतरी करेन."

"पहिल्यासारखी ती होणार नाही. पण घरच्या हवेत राहिली तर रंग धरेल हळूहळू. तीस वर्षं... चाळीस. कुणीतरी रोज बघायला हवं."

"कुणाच्या घरच्या हवेत?"

त्यानं तिच्या ओंजळीवर आपला हात ठेवला आणि सावकाश, एकेक बट वाचावी तसं तिच्याकडे पाहिलं.

"आपल्या," तो म्हणाला. "चिंच मात्र कुलपात ठेवू."